हरणाऱ्यांवर चालणारा गल्ला

व्हिडिओ गेमच्या मशीनचं मागचं फळकूट उघडलं की आत एक हिरवा बोर्ड असायचा आणि बोर्डाच्या कडेला बारीक पांढऱ्या बटणांची पट्टी. तिला डिपस्विच म्हणतात. पेनाच्या टोकाने त्यातलं एक बटण सरकवलं की तीनऐवजी दोनच जीव मिळायचे, दुसरं सरकवलं की शत्रू जास्त चिवट व्हायचे, तिसरं सरकवलं की जादा जीव मिळवायला आणखी हजारो पॉइंट लागायचे. समोर दांडा धरून उभ्या असलेल्या पोराला यातलं काही कळायचं नाही. आज आपला हात बसत नाहीये, एवढंच त्याला वाटायचं.

नव्वदच्या दशकात मिरजेत स्टेशन रोडला माझं व्हिडिओ गेम पार्लर होतं. आता त्याच गाळ्यात मी मोबाईल दुरुस्त करतो. लोकांच्या हातात अवघड खेळ द्यायचे आणि त्यांच्या शिव्या ऐकायच्या, हे काम मी दोन्ही जमान्यांत केलंय. त्यामुळे खेळ मुद्दाम इतके अवघड का करतात, असं कोणी विचारलं की मला आधी गल्ला आठवतो. खेळणारा जिद्दीबद्दल बोलेल, नादाबद्दल बोलेल. मी विचारतो, तो हरला की पैसे कोणाच्या खिशात जातात? या प्रश्नाचं उत्तर दर दहा-पंधरा वर्षांनी बदलत गेलं आणि त्याबरोबर अवघडपणाही बदलला. मोबाईलवर २०१२ ते २०१७ या काळात एकट्यादुकट्या माणसांनी बनवलेले जे चिडवणारे खेळ गाजले, ते समजून घ्यायचे तर आधी हा मागचा हिशेब बघावा लागतो.

हिशेब सुरू झाला कॅलिफोर्नियात. १९७१ साली नोलन बुशनेल आणि टेड डॅबनी यांनी ‘कॉम्प्युटर स्पेस’ नावाचं नाणं टाकून खेळायचं मशीन काढलं. त्यात रॉकेट फिरवायचं, वेग द्यायचा, गोळ्या झाडायच्या, आणि हे सगळं सूचना वाचून शिकायचं. बिअर प्यायला आलेल्या माणसाला वाचायची इच्छा नसते. मशीन फारसं चाललं नाही. पुढच्या वर्षी त्यांच्या अटारी कंपनीतल्या अ‍ॅलन अल्कॉर्नने ‘पाँग’ बनवलं. दोन फळ्या, एक चेंडू, चेंडू चुकवू नका, संपली सूचना. सनीव्हेलमधल्या अँडी कॅप्स नावाच्या बारमध्ये ते ठेवलं आणि थोड्याच दिवसांत बंद पडल्याचा निरोप आला. अल्कॉर्न बघायला गेला तर बिघाड काहीच नव्हता, नाण्यांचा डबा तुडुंब भरला होता. खेळ शिकायला सोपा आणि जिंकायला अवघड असावा, हा बुशनेलचा नियम या धंद्याला तिथपासून चिकटला तो आजतागायत.

पण किती अवघड? १९७८ मध्ये जपानच्या तोमोहिरो निशिकादोने ‘स्पेस इन्व्हेडर्स’ बनवलं, तेव्हा त्याला एक गोष्ट आयती मिळाली. पडद्यावर शत्रू जास्त असताना त्या काळच्या प्रोसेसरला सगळे हलवायला वेळ लागे. शत्रू मरत गेले की काम हलकं होई आणि उरलेले भराभर पळू लागत. त्याने ते तसंच ठेवलं. जितकं चांगलं खेळाल तितकं कठीण होत जाईल, ही व्यवस्था अशी यंत्राच्या मर्यादेतून निघाली. १९८१ च्या ‘डिफेंडर’ला दांड्याशिवाय पाच बटणं होती. हा खेळ कोणाला झेपणार नाही असं धंद्यातल्या लोकांना वाटलं होतं. लोकांनी रांगा लावून नाणी टाकली. त्यातून पार्लरवाल्यांना कळलं की हरलेला माणूस दोन प्रकारचा असतो. एक वैतागून बाहेर जातो, दुसरा वैतागून पुन्हा खिशात हात घालतो. धंदा दुसऱ्यावर चालतो.

१९८५ च्या ‘गॉन्टलेट’ने एक पाऊल पुढे टाकलं. त्यात तुमची ताकद म्हणजे पडद्यावरचा एक आकडा, आणि तो आकडा तुम्ही नुसते उभे राहिलात तरी कमी होत जायचा. वाढवायचा तर खेळता खेळता अन्न शोधा, नाहीतर आणखी नाणं टाका. तोवर नाणं बहुतेक नव्या डावासाठी असायचं. इथे नाण्याने चालू डावातला जीव विकत मिळू लागला. हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण पुढे मोबाईलवर तोच परत भेटतो.

माझ्या पार्लरमध्ये हे सगळं मिरजेच्या मापाने यायचं. बोर्ड मुंबईहून लॅमिंग्टन रोडवरून आणायचो, लाकडी खोकं इथल्या सुताराकडून बनवून घ्यायचो, आतला टीव्ही जुना असायचा. मिरज म्हणजे जंक्शन आणि दवाखाने. गिऱ्हाइकांत शाळा बुडवलेली पोरं असायचीच, पण पुढच्या गाडीला वेळ असलेले प्रवासी आणि पेशंटबरोबर आलेले, वाट बघून कंटाळलेले नातेवाईकही असायचे. सगळ्यांत जास्त चाललेला खेळ कॅपकॉमचा, १९९३ सालचा ‘कॅडिलॅक्स अँड डायनासोर्स’. ते नाव कोणी घेतल्याचं मला आठवत नाही. सगळे त्याला ‘मुस्तफा’ म्हणायचे, कारण त्यातल्या चार पात्रांपैकी धावत येऊन लाथ मारणारा मुस्तफा सगळ्यांनाच हवा असायचा.

त्या खेळात जीव संपले की पडद्यावर नऊपासून उलटे आकडे सुरू व्हायचे. शून्य व्हायच्या आत टोकन टाकलं तर तिथूनच पुढे, नाहीतर पहिल्यापासून. पोरं मशीन सोडून काउंटरकडे धावायची. “अण्णा, एक टोकन द्या की पटकन! पाचवर आलंय!” पैसे? “उद्या देतो की!” माझ्या वहीत उधारी लिहिली गेली ती बहुतेक त्या नऊ सेकंदांत. शांतपणे विचार करून कोणी उधार टोकन मागितलं नाही. ज्याने ते उलटे आकडे पहिल्यांदा पडद्यावर आणले त्याला माणूस ओळखता येत होता, एवढं मी नक्की सांगेन.

डिपस्विचचं तंत्र मी हळूहळू शिकलो. खेळ फार कडक केला की पोरं अर्ध्या मिनिटात हरायची आणि शेजारच्या मशीनकडे न जाता सरळ घरी जायची. फार सैल केला की एकच जण तासभर मशीन अडवायचा. दोन-तीन मिनिटांत हरेल, पण ‘थोडक्यात गेलं’ असं म्हणत हरेल, अशी जागा शोधायची. आणि एक गोष्ट कोणत्याच बटणाने होत नव्हती. प्रत्येक पार्लरमध्ये एका टोकनावर शेवटपर्यंत जाणारा एखादा पोरगा असतो. नवीन पार्लरवाले अशा पोराला हाकलतात. मी त्याला स्टूल द्यायचो. त्याच्याकडून कमाई शून्य, पण त्याच्या मागे सात-आठ जण दाटीवाटीने उभे राहायचे आणि त्याचं संपलं की एकेक जण हरायला पुढे यायचा.

त्याच काळात घराघरांत टीव्ही गेम आला. समुराईचा असो की बाजारातला बिननावाचा, टीव्हीला जोडायचा आणि कॅसेट खोचायची. घरात टोकन नाही, मग अवघडपणाची गरज काय? तर तिथे जागा कमी होती. १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ अवघ्या ४० किलोबाइटचा. एवढ्याशा खेळाला एवढी किंमत मोजलेल्या गिऱ्हाइकाला दोन दिवसांत तो संपला तर फसल्यासारखं वाटणार. म्हणून खेळ लांबवायचा तो अवघड करून. निन्टेंडोने १९८६ मध्ये जपानात त्याचा दुसरा भाग काढला, त्यात विषारी मशरूम होते, उडी भरकटवणारा वारा होता, पुढे नेण्याऐवजी मागे नेणारे चोरदरवाजे होते. खोक्यावर चक्क छापलं होतं की हा खेळ ‘सुपर प्लेअर्स’साठी आहे. अवघडपणाचीच जाहिरात करायची ही युक्ती इतकी जुनी आहे. अमेरिकेतल्या निन्टेंडोच्या माणसांना मात्र तो झेपला नाही, आणि तिकडच्या गिऱ्हाइकांना त्याच नावाने वेगळाच खेळ दिला गेला.

अमेरिकेत आणखी एक कारण होतं. तिथे कॅसेट भाड्याने मिळायच्या. भाड्याच्या दोन-तीन दिवसांत खेळ पुरा झाला तर विकत कोण घेणार? १९९४ च्या ‘लायन किंग’ खेळाचा दुसराच टप्पा पोरांना रडवणारा होता. तो खेळ बनवणाऱ्या कंपनीच्या लुई कॅसलने नंतर सांगितलं की भाड्याने नेणाऱ्याला फार पुढे जाता येऊ नये, म्हणून डिस्नेच्या सांगण्यावरून सुरुवातच अवघड केली होती. लहान मुलांचा खेळ, पण त्याचा अवघडपणा भाड्याच्या दुकानाकडे बघून ठरला.

या काळातली सुटका मात्र फुकट होती. कोनामीच्या काझुहिसा हाशिमोतोला १९८६ मध्ये ‘ग्रेडियस’ची घरगुती आवृत्ती तपासताना तो खेळ स्वतःलाच जमेना, म्हणून त्याने बटणांची एक गुप्त ओळ आत ठेवली. दोनदा वर, दोनदा खाली, डावं-उजवं, डावं-उजवं, मग बी आणि ए. पुढे ‘कॉन्ट्रा’त त्याच ओळीने तीस जीव मिळू लागले. मिरजेतल्या पोरांना हाशिमोतोचं नाव ठाऊक असायचं कारण नव्हतं, पण ही ओळ मला सहावीतल्या एका पोराने काउंटरवर बोटांनी वाजवून दाखवली होती. ती कोणी विकत नव्हतं. मोठ्या भावाने धाकट्याला, धाकट्याने वर्गात, अशी ती सगळीकडे पोचली.

दोन हजार सालानंतर माझं पार्लर मोडकळीला आलं आणि पोरं सायबर कॅफेत जाऊ लागली. तिथे कॉम्प्युटरवर चालणारे फुकट खेळ होते. ‘द वर्ल्ड्स हार्डेस्ट गेम’, ‘द इम्पॉसिबल क्विझ’, अशी नावंच गिऱ्हाइकाला आव्हान द्यायची. २००७ च्या ‘आय वॉना बी द गाय’मध्ये झाडावरची फळं खाली पडून मारायची आणि सावध होऊन दुसरीकडून गेलात तर वर पडून मारायची. २००८ मध्ये बेनेट फॉडी नावाच्या ऑस्ट्रेलियन माणसाने ‘क्वॉप’ बनवला. शंभर मीटर धावायचं, पण क्यू, डब्ल्यू, ओ, पी या चार कळांनी धावपटूच्या मांड्या आणि पोटऱ्या वेगवेगळ्या हलवायच्या. बहुतेक जण दोन पावलांत तोंडावर आपटायचे आणि शेजारच्या कॉम्प्युटरवरच्याला बोलावून दाखवायचे. या खेळांत नाणं नव्हतं, कॅसेट नव्हती, भाडं नव्हतं. कोणाचा गल्ला भरावा म्हणून त्यांचा अवघडपणा मोजूनमापून ठरवला नव्हता. तो गंमत म्हणून आला होता, जुन्या खेळांना वेडावून दाखवत.

मग फोन आला. अ‍ॅपलचं अ‍ॅप स्टोअर जुलै २००८ मध्ये उघडलं आणि ऑक्टोबर २००९ पासून फुकट अ‍ॅपमध्येही आत वस्तू विकायची सोय झाली. खेळ फुकट द्यायचा आणि अडलेल्या माणसाला आत विकायचं, हा धंदा तिथून फोफावला. त्याचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण म्हणजे २०१२ चा ‘कँडी क्रश सागा’. पाच जीव, गेलेला जीव परत यायला अर्धा तास. थांबा, मित्राकडे मागा, नाहीतर पैसे द्या. तो बनवणारी किंग कंपनी मार्च २०१४ मध्ये न्यू यॉर्कच्या शेअर बाजारात उतरली तेव्हा तिची किंमत सुमारे सात अब्ज डॉलर धरली गेली. मला यात ‘गॉन्टलेट’चा आकडा आणि माझे नऊ सेकंद दोन्ही दिसतात. फरक इतकाच की माझ्या गिऱ्हाइकाला निदान काउंटरपर्यंत चालत यावं लागे.

एकट्याने खेळ बनवणाऱ्यांनी नेमकं याच वेळी उलट टोक पकडलं. २०१२ मध्येच टेरी कॅव्हना या आयरिश माणसाचा ‘सुपर हेक्सागॉन’ आयफोनवर आला. एका षटकोनाभोवती एक चिमुकला त्रिकोण फिरवायचा आणि चारी बाजूंनी आत येणाऱ्या भिंतींतून निसटायचं. साठ सेकंद टिकलात की टप्पा जिंकलात. पहिल्यांदा खेळणारा पाच सेकंदांत जातो. टप्प्यांची नावं ‘हार्ड’पासून सुरू होतात, त्यात सोपं काही नाहीच. खेळ एकदा विकत घ्यायचा, नंतर आत विकायला एकही वस्तू नाही. हरलात की लगेच पुन्हा, मध्ये काही नाही. ऑगस्ट २०१३ मध्ये स्वीडनच्या रॉबर्ट टोपालाचा ‘जॉमेट्री डॅश’ आला. तो तुम्ही कितव्यांदा प्रयत्न करताय हे पडद्यावर लिहितो. सरावासाठी वाटेत हव्या तितक्या खुणा रोवता येतात, पण त्या सरावात पुरा केलेला टप्पा खरा धरत नाही.

आणि याच काळात हनोईत डोंग न्गुयेन नावाचा एक तरुण नोकरी करत होता. टॅक्सीचा ठावठिकाणा दाखवणाऱ्या यंत्रांसाठी तो प्रोग्रॅम लिहायचा. त्याचं बालपण हनोईजवळच्या रेशमासाठी प्रसिद्ध असलेल्या वान फुक गावात गेलं, आणि तो मारिओ खेळला तो निन्टेंडोच्या नकली यंत्रावर, मिरजेतल्या पोरांसारखाच. एप्रिल २०१३ च्या अखेरीला व्हिएतनाममध्ये राष्ट्रीय सुट्टी होती. त्या सुट्टीत त्याने एक खेळ लिहून काढला. ‘अँग्री बर्ड्स’सारखे खेळ त्याला गजबजलेले वाटत. एका हाताने आगगाडीतली कडी धरलेला माणूस दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने खेळू शकेल असं त्याला काहीतरी हवं होतं. २४ मे २०१३ रोजी ‘फ्लॅपी बर्ड’ अ‍ॅप स्टोअरवर आला आणि महिनोन्‌महिने कोणी त्याच्याकडे बघितलं नाही.

हा खेळ मी पार्लरवाल्याच्या नजरेने तपासला आहे. बोट टेकवलं की पक्षी ठरावीक उंच उडतो, मग लगेच पडू लागतो. हिरव्या पाइपांच्या जोड्या समोरून येतात. दोन पाइपांमधली फट कायम तेवढीच, फक्त ती वर येईल की खाली हे ठरलेलं नाही. वेग वाढत नाही. शंभरावा पाइप पहिल्याइतकाच अवघड. एका पाइपाला एक गुण, दहा गुणांना कांस्यपदक, चाळीसला प्लॅटिनम. जीव एकच. तो गेला की पैसे देऊन परत मिळत नाही, जाहिरात बघूनही मिळत नाही. कुठलीही गुप्त पट्टी सरकवून हा खेळ कडक किंवा सैल केलेला नाही, आणि हरणाऱ्याला ते दोन मिनिटांत कळतं. दोष पक्ष्याचा नाही, पाइपाचा नाही, आपल्या बोटाचा आहे. माझ्या मते माणूस सगळ्यांत जास्त चिडतो तो इथे, आणि पुन्हा खेळतो तोही इथेच. फसवला गेलेला माणूस निघून जातो. ज्याचा स्वतःवरच राग असतो त्याला निघून जायला जागा नसते.

जाहिरातीवर न्गुयेनने काही खर्च केल्याचं कुठे दिसत नाही. जाहिरात खेळणाऱ्यांनी केली आणि ती सगळी तक्रारींच्या रूपात होती. अ‍ॅप स्टोअरवरच्या अभिप्रायांत लोक लिहू लागले की हा खेळ घेऊ नका, माझा संसार बुडाला, माझी झोप गेली. असले लांबलचक, खोटं खोटं रडणारे अभिप्राय वाचूनच पुढचे लोक खेळ उतरवून घेत. जानेवारी २०१४ मध्ये तो अमेरिकेतल्या फुकट खेळांच्या यादीत पहिला आला. महिनाअखेरीस यूट्यूबवरच्या प्यूडीपायने आपल्या कोट्यवधी प्रेक्षकांसमोर तो खेळला, आणि व्हिडिओचं शीर्षकच होतं की हा खेळ खेळू नका. माझ्या स्टुलावर बसणाऱ्या पोराचं हे काम, फरक एवढाच की तो पोरगा जिंकून गर्दी जमवायचा आणि प्यूडीपायने हरून जमवली.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला न्गुयेनने एका मुलाखतीत सांगितलं की खेळ पाच कोटी वेळा उतरवला गेलाय आणि पडद्यावरच्या जाहिरातीच्या पट्टीतून दिवसाला सुमारे ५०,००० डॉलर मिळतायत. तेव्हाच्या दराने तीस लाख रुपये. हरणाऱ्याने एक पैसा दिला नाही. तो वारंवार हरत होता, म्हणून पट्टी वारंवार दिसत होती आणि पैसे जाहिरातदार देत होता. असा गल्ला मी ऐकलाही नव्हता.

आणि मग त्याने तो बंद केला. त्याच्या दारात पत्रकार उभे राहिले होते. पाइप मारिओतून चोरले असे आरोप होत होते. कोणी लिहिलं की तू जगभरातल्या मुलांचं लक्ष बिघडवतोयस, कोणी लिहिलं की आमच्या शाळेतल्या पोरांनी तुझ्या खेळापायी फोन फोडले. ८ फेब्रुवारीला त्याने ट्विटरवर जाहीर केलं की आपल्याला आता हे सहन होत नाही, बावीस तासांत खेळ काढून टाकतोय. त्याने तो काढलाही. नंतर त्याने सांगितलं की खेळ थोडा वेळ विरंगुळा म्हणून बनवला होता, त्याचं व्यसन झालं म्हणून काढला. शाळेत असताना ‘काउंटर स्ट्राइक’च्या नादात तो स्वतः परीक्षेत नापास झाला होता, हेही त्याने सांगितलं. धंद्यातली माझ्या ओळखीची माणसं यावर हसली. दिवसाला तीस लाख सोडणारा येडा! मी हसलो नाही. उधारीच्या वहीतली काही नावं मला आठवत होती.

खेळ काढल्यावर मागणी आणखी वाढली. अमेरिकेत लोक तो खेळ असलेले जुने फोन ईबेवर वेड्यावाकड्या किमतीला मांडू लागले. आमच्याकडे दुकानाबाहेर ‘गाणी, व्हिडिओ, गेम भरून मिळतील’ अशी पाटी असायची, त्या काळातली गोष्ट. मायक्रोमॅक्स नाहीतर कार्बनचा फोन पुढे करत पोरं यायची. “अण्णा, ते पक्ष्याचं टाका की कार्डात.” कुठलं? “ते ओ, पायपातनं जातंय ते. बंद झालंय म्हणं.” एकाच्या फोनमधून ब्लूटूथने दुसऱ्याच्या, असा तो मिरजेत पसरला तो खुद्द हनोईत बंद झाल्यावर. नकला तर इतक्या निघाल्या की अ‍ॅपल आणि गूगल नावात ‘फ्लॅपी’ असलेले खेळ परत पाठवू लागले. त्याच वर्षी कोड डॉट ऑर्ग या संस्थेने मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवायला तसाच खेळ बनवण्याचा धडा तयार केला. यंत्राचं पाठचं फळकूट पोरांपुढे कोणी उघडून ठेवल्याचं मी पहिल्यांदा बघितलं ते तेव्हा.

‘क्वॉप’वाला बेनेट फॉडी तोवर न्यू यॉर्क विद्यापीठात खेळांची रचना शिकवू लागला होता. त्याआधी तो तत्त्वज्ञानाचा अभ्यासक होता. २०१७ मध्ये त्याने ‘गेटिंग ओव्हर इट’ आणला. एका काळ्या कढईत कमरेपर्यंत बसलेला उघडा माणूस, हातात लांब दांड्याचा हातोडा, आणि त्याच्या जोरावर चढायचा डोंगर. वाटेत कुठेही खूण रोवता येत नाही. हातोडा निसटला तर तासाभराची चढण एका क्षणात संपते आणि तुम्ही पायथ्याशी. पडलात की स्वतः फॉडीचा शांत आवाज अपयशाबद्दल चार विचार ऐकवतो. खेळ कोणासाठी आहे, तर एका विशिष्ट प्रकारच्या माणसांसाठी, त्यांना दुखवायला, असं तो जाहिरातीतच सांगून टाकतो. हा नमुना त्याला २००२ च्या ‘सेक्सी हायकिंग’ या एका खडबडीत खेळावरून सुचला होता, आणि तो ते खेळातच मान्य करतो.

हा खेळ जगभर पसरला तो खेळणाऱ्यांपेक्षा बघणाऱ्यांमुळे. तासाभराची चढण उतरंडीच्या मडक्यांसारखी कोसळते तेव्हा खेळणाऱ्याचं तोंड बघायला लोक जमतात. आपल्याकडे सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि हिंदीत आरडाओरडा करत हा डोंगर चढणाऱ्यांचे व्हिडिओ माझ्या दुकानात चार्जिंगला लावलेल्या फोनवरही चालू असायचे. त्यातल्या कितीतरी पोरांनी खेळ कधी विकत घेतला नव्हता. काही जण खेळाची एपीके फाइल मागायचे, बहुतेकांना नुसतं बघणंच पुरायचं. आता हरणाऱ्याच्या पाठीमागची गर्दी हाच माल झाला होता. फॉडीला एकदाच खेळाची किंमत मिळते, व्हिडिओ करणाऱ्याला प्रत्येक पडण्याचे पैसे मिळतात. गल्ल्याचं उत्तर पुन्हा एकदा बदललं होतं.

‘फ्लॅपी बर्ड’च्या नावाचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. न्गुयेनने ते वापरणं सोडलं, त्याचा अमेरिकेतला ट्रेडमार्क सोडून दिलेला ठरला आणि दुसऱ्यांच्या हाती गेला. सप्टेंबर २०२४ मध्ये ‘फ्लॅपी बर्ड फाउंडेशन’ नावाच्या एका गटाने नवी पात्रं आणि नवे प्रकार घालून खेळ परत येत असल्याचं जाहीर केलं. कित्येक वर्षं गप्प असलेल्या न्गुयेनने मग एकच निवेदन केलं. या खेळाशी माझा संबंध नाही आणि मी काही विकलेलं नाही.

नाव घेणाऱ्यांना पक्षी आणि पाइप मिळाले. पण हा खेळ चालला त्यामागे एक तिसरी गोष्ट होती. हरणाऱ्याला त्यात विकण्यासारखं काहीच ठेवलेलं नव्हतं. कॅव्हनाने, टोपालाने, फॉडीनेही हीच पथ्यं आपापल्या परीने पाळली. हे चौघं साधुसंत नाहीत, त्यांनीही पैसे कमावले. फक्त त्यांनी अडवलं तिथे सुटकेचं दुकान मांडलं नाही. पन्नास वर्षांच्या या धंद्यात असं क्वचित झालंय, आणि झालं तेव्हा लोकांनी शिव्या देत देत त्यांनाच डोक्यावर घेतलं.

हल्ली आईबाप फोन दुरुस्तीला देताना मला विचारतात, अण्णा, पोरगं अमुक खेळ खेळतंय, खेळू देऊ का? खेळ किती अवघड आहे हे मी बघत नाही. मी तो काउंटरवरच सुरू करतो, मुद्दाम हरतो आणि पुढचा पडदा त्यांच्याकडे फिरवतो. तिथे नुसतं ‘पुन्हा’ असेल तर खेळू द्या म्हणतो. तिथे उलटे आकडे धावत असतील, शेजारी तीस सेकंदांची जाहिरात नाहीतर रुपयांचा आकडा असेल, तर सांगतो की हा माझा जुना धंदा आहे आणि तुमचं पोरगं त्यात गिऱ्हाईक आहे.